अण्णांच्या आवाजाला नऊ सेकंद

"चालतंय ना? मग झालं!" असं ऑफिसात कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी हाताखालच्या मंडळींना ओरडून ओरडून सांगत असते, की बाबांनो, चालतंय म्हणजे झालं नव्हे. मशीन पूर्ण बंद करा, परत चालू करा, आणि मग मला येऊन सांगा चालतंय का. माझ्या पाठीमागे ते माझी नक्कल करतात हे मला माहीत आहे. करोत. आणि एवढं सगळं पढवणाऱ्या या बाईने स्वतःच्या सख्ख्या वडिलांच्या बाबतीत, सख्ख्या बहिणीच्या निश्चितार्थाच्या दिवशी, नेमकं तेच केलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर शिंप्याचं. बंगळुरात आमचे लोक इतक्या पिढ्यांपूर्वी आले की मूळचं गाव कोणतं हे विचारलं तर घरात तीन माणसं तीन उत्तरं देतात. घरात मराठी, पण ती आमची मराठी. पुण्याहून बदली होऊन आलेले ऑफिसातले लोक ती ऐकून गालातल्या गालात हसतात. आम्ही 'थोडं' म्हणत नाही, 'स्वल्प' म्हणतो. 'बरं' म्हणायच्या जागी 'सरी'. अण्णा, म्हणजे माझे वडील, यांचं चिकपेटेजवळ शिलाईचं दुकान, आणि त्यांचा आवाज असा की आत कापड बेतत असले तरी गल्लीच्या तोंडाशी कळायचं, दुकान उघडं आहे.

आमच्यात निश्चितार्थाला, म्हणजे साखरपुड्याला, एक रिवाज आहे. भटजींचे मंत्र झाले की मुलीच्या बापाने उभं राहून, दोन्हीकडच्या माणसांसमोर, आपल्या तोंडाने आणि आपल्या भाषेत शब्द द्यायचा. लिहून चालत नाही, मान हलवून चालत नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या वेळी अण्णा उभे राहिले आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आमची थोरली तुमच्या घरी दिली. सांभाळून घ्या." तिथे मी गप्प बसले, पण घरी आल्याबरोबर तोंड सोडलं. "दिली म्हणजे काय, अण्णा? मी शिलाई मशीन आहे काय, उचलून द्यायला? मला कुणी विचारलं?" मुलगा मला पसंत होता, प्रश्न तो नव्हताच. पण मला कुणी धड विचारलंही नव्हतं हे खरं होतं. अण्णा म्हणाले, "सगळे असंच बोलतात गं." मी चार दिवस अबोला धरला. मग लग्नाच्या गडबडीत तो विषय मागे पडला.

पुढे अण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज जाईल. त्याच वेळी हेब्बाळच्या एका छोट्या कंपनीची माहिती मिळाली. पाचसहा जणांची कंपनी. ऑपरेशनच्या आधी माणसाकडून शेकडो वाक्यं वाचून घ्यायची, आणि मग एक हातात मावेल एवढी डबी द्यायची. डबीच्या पडद्यावर अक्षरं दाबून वाक्य लिहायचं, बटण दाबायचं, की ती तुमच्याच आवाजात बोलते. अण्णा तिथे आठ दिवस जाऊन बसले. कंपनीने दिलेल्या वाक्यांतलं 'थोडं' खोडून अण्णा 'स्वल्प' वाचायचे. तिथली मुलगी रडकुंडीला आली, पण डबीतून जो आवाज आला तो आमच्या अण्णांचा होता. 'सरी' म्हणताना शेवटी ते जरासं लांबवायचे, ते लांबवणंसुद्धा तसंच.

तीन वर्षं डबी चालली. मधल्या काळात कंपनी बंद पडली आणि सगळे आपापल्या नोकऱ्यांना लागले. मग एक दिवस डबीची बॅटरी फुगली, पडदा काळा झाला, आणि आमच्या घरातला आवाज दुसऱ्यांदा गेला. आत वापरलेला बोर्ड आता बाजारात मिळत नाही. नवे बोर्ड आणून बघितले, त्यांच्यावर तो जुना प्रोग्राम उभाच राहत नव्हता. शेवटी मी फोनवर, लिहिलेलं बोलून दाखवणारं एक ॲप घातलं. फोन म्हणाला, "मला थोडा चहा हवा आहे." स्वच्छ, शुद्ध, बातम्या वाचल्यासारखं. अण्णांनी दुकानातलं ऑर्डरबुक ओढलं आणि मागच्या पानावर लिहिलं, "हा कोण?" फोन मापाच्या टेपखाली ढकलून दिला तो पुन्हा घेतला नाही.

अशात धाकटीचं ठरलं. होसकोट्याची मंडळी, चांगली माणसं, निश्चितार्थाला दोन महिने होते. आमचे काका, अण्णांचे धाकटे भाऊ, घरी आले आणि सहज म्हणाले, "शब्द द्यायचं मी बघतो. त्यात काय?" काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाप बोलू शकत नसेल तर काका बोलतो, रीतच आहे. पण अण्णांनी ऑर्डरबुकात एकच अक्षर लिहिलं, 'मी', आणि पेन्सिलीचं टोक माझ्याकडे केलं. म्हणजे कर काय करायचं ते. एवढी शिकलीस ना!

झालं. माझ्या डोक्याला काम लागलं.

डबी उघडून आतलं मेमरी कार्ड काढलं तर ते धडधाकट होतं. प्रोग्राम त्यात, अण्णांचा आवाज त्यात. मी ते माझ्या लॅपटॉपात घातलं, प्रोग्राम चालवला, आणि उत्तर आलं, 'एक्झेक फॉरमॅट एरर'. आता हे कशामुळे ते मला चांगलं माहीत होतं. प्रत्येक प्रोग्राम एका जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला असतो. डबीतला प्रोसेसर फोनमध्ये असतो त्या जातीचा, माझ्या लॅपटॉपचा वेगळ्या जातीचा. एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही.

पण लिनक्समध्ये एक सोय असते. फाइलीची पहिली काही अक्षरं बघून लिनक्स ओळखतं की हा प्रोग्राम आपल्यातला नाही. मग ते आपल्या नोंदी चाळतं. असा चेहरा दिसला की अमक्या दुभाष्याकडे पाठवा, अशी नोंद तिथे असेल तर प्रोग्राम गुपचूप त्या दुभाष्याच्या हवाली होतो, आणि तो एकेका आज्ञेचं भाषांतर करून आपल्या प्रोसेसरला सांगत राहतो. वापरणाऱ्याला मधलं काही दिसत नाही. अण्णा गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलायचे आणि मापं मराठीत लिहायचे, मध्ये भाषा कुठे बदलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं, तसंच हे. माझ्या धंद्यातले लोक याला फार छान म्हणतात. मीही म्हणायचे.

तर पहिल्याच दिवशी, ऑफिसला निघायच्या घाईत, मी ती नोंद हाताने केली. एक लांबलचक ओळ, आडवीतिडवी चिन्हं, इकडून तिकडून जुळवलेली. ही नोंद मशीन चालू आहे तोवर राहते, मशीन बंद केलं की पुसली जाते. कायमची ठेवायची तर एक छोटी फाइल लिहून ठेवावी लागते. दोन मिनिटांचं काम. म्हटलं, आधी चालतंय का बघू, मग लिहू.

आणि चालतंय कुठे! 'अशी फाइल नाही' म्हणून एरर आली. अहो, फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे, नाव बरोबर आहे, आणि हे मशीन मला सांगतंय की नाही! हा प्रकार ज्याने सोसला त्यालाच कळेल. खरं म्हणजे त्या प्रोग्रामला लागणारी दुसरीच कुठली तरी फाइल नसते, पण ते धड सांगेल तर शपथ. तीन सकाळी त्यात गेल्या. चौथ्या दिवशी डबीतला सगळाच्या सगळा संसार लॅपटॉपात आणून मांडला, तेव्हा कुठे प्रोग्राम उभा राहिला. उभा राहिला आणि मुका! दुभाष्याला आकडेमोड यायची, पण स्पीकरशी बोलायची भाषा त्याला अर्धीमुर्धीच येत होती. मी ऑफिसच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे, मराठहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्नच्या कल्लोळात कान स्पीकरला लावून. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "अक्का, कान दुखतोय काय?" मी म्हटलं, कान नाही, डोकं.

शेवटी मी आडवाटेने गेले. प्रोग्रामला सांगितलं, तू बोलू नकोस, बोलणं फाइलीत भरून ठेव. आणि ती फाइल तयार झाली की लॅपटॉपाने ती वाजवायची. वर अण्णांसाठी एक खिडकी बनवली, मोठी मोठी नागरी अक्षरं, खाली एकच बटण, 'बोल'. अण्णांना समोर बसवलं. त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत आईचं घरातलं हाकेचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. काही नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांबा. आणि अर्ध्या मिनिटाने लॅपटॉपातून अण्णांनी आईला हाक मारली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आले, आले." अगदी नेहमीसारखं. म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. पदराला हात पुसत ती दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. अण्णांनी परत बटण दाबलं, आम्ही तिघांनी परत अर्धा मिनिट वाट बघितली, आणि आईने समोर उभं राहून परत "आले" म्हटलं. मला रडू फुटलं ते मी लपवलं नाही.

पण अर्धा मिनिट म्हणजे चेष्टा झाली. भर सभेत बापाने बटण दाबायचं आणि लोकांनी छताकडे बघत बसायचं? पुढचा महिना मी त्या सेकंदांच्या मागे लागले. दुभाष्याची नवी आवृत्ती घातली, नको ते सगळं काढलं, इकडचं तिकडे केलं. तिसाचे वीस झाले, विसाचे बारा, बाराचे नऊ. नऊच्या खाली येईना. मी हात टेकले. दुभाष्या भाषांतर करत करत बोलणार, वेळ लागणारच. अण्णांना तेवढं पुरेसं होतं. ते बटण दाबायचे आणि बोटांच्या पेरांवर नऊ मोजायचे, शांतपणे, टाके मोजावेत तसे. गिऱ्हाईकं हळूहळू सरावली. "अण्णा बोलतायत, थांब स्वल्प," असं एकमेकांना सांगायची.

मीच सरावले नाही. ते नऊ सेकंद माझ्या छातीवर बसायचे. लोक आपापसात बघतील, कुणीतरी खाकरेल, काका मध्येच बोलतील. एक दिवस मी अण्णांना म्हटलं, "आधीच बोलून ठेवूया ना. फाइल तर होतेच. वेळेवर नुसती लावायची, एका सेकंदात." अण्णांनी ऑर्डरबुकात लिहिलं, "टेप लावून शब्द देतात काय?" आणि खाली दोन रेघा मारल्या. मी म्हटलं, सरी, सरी, चिडू नका.

आदल्या आठवड्यात आम्ही तालीम केली. अण्णांनी लिहिलं, "आमची धाकटी तुमच्या घरी दिली. सांभाळून घ्या." बटण दाबलं, नऊ सेकंद, आणि वाक्य आलं, स्वच्छ. खरं सांगते, वाक्य काय आहे ते मी ऐकलंच नाही. बारा वर्षांपूर्वी ज्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं तेच हे वाक्य, फक्त थोरलीच्या जागी धाकटी, आणि मी घड्याळाकडे बघत होते. नऊ भरले की साडेनऊ, एवढंच माझ्या मनात होतं. अण्णा माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होते ते मला आता आठवतं. तेव्हा वाटलं, शाबासकी हवी असेल. मी म्हटलं, "फर्स्ट क्लास!"

आणि ती कायमची नोंद? नाही केली. दोन महिन्यांत लॅपटॉप मी एकदाही बंद केला नव्हता, नुसतं झाकण लावायचं आणि उघडायचं. सगळं इतकं गुपचूप चाललं होतं की मध्ये दुभाष्या आहे हेच मी विसरून गेले होते. चालतंय ना? मग झालं.

आता आईचं सांगते. आमच्या घरी कुठलंही शुभकार्य निघालं की त्या सकाळी दुकानातल्या सगळ्या मशीनी आई थांबवते. पुसते, तेलाचा थेंब सोडते, हळदकुंकू लावते, आणि मगच त्या परत सुरू होतात. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळेच करतात, आई कार्याकार्याला करते. दमलेल्या मशीनने शुभ काम करू नये, असं तिचं म्हणणं. त्या सकाळी तिने लॅपटॉपालाही थांबवलं. बटण दाबून धरून, नीट, पार काळा पडेपर्यंत. मऊ फडक्याने पुसला, झाकणावर कुंकवाचं बोट टेकलं, आणि पिशवीत घातला. मी कुंकू बघितलं आणि हसले. मला वाटलं, झाकण लावलेलं होतं तसंच वरून लावलं असेल.

होसकोट्याच्या छत्रात, म्हणजे कार्यालयात, शंभरेक माणसं होती. स्टुलावर लॅपटॉप ठेवला, स्पीकरची वायर जोडली, चालू केला; तो पार बंद होता आणि मुळापासून चालू होतोय हे गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही. अण्णांची खिडकी आपोआप उघडली, कारण ती मीच तशी बनवली होती आणि ती इथलीच, तिला दुभाष्या लागत नव्हता. सगळं नेहमीसारखं दिसत होतं. भटजींचे मंत्र संपले. अण्णा नव्या कोटात खुर्चीच्या कडेला बसून लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मला वाटलं, अक्षरं सापडत नसतील. काका माझ्या कानाशी म्हणाले, "काय गं, वेळ होतोय." मग अण्णा उभे राहिले, धाकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'बोल' दाबलं.

नऊ सेकंद गेले. मग आणखी नऊ गेले.

"वायर सैल झालीय वाटतं," असं मोठ्याने म्हणत मी लॅपटॉपापाशी गेले. अण्णांची खिडकी बाजूला सारली. मागे ओळ दिसली, 'एक्झेक फॉरमॅट एरर'. त्या क्षणी मला सगळं कळलं, झाकणावरच्या कुंकवासकट. भटजी म्हणाले, "लवकर करा, मुहूर्त टळेल." काका कोट सावरत पुढे आले, "राहू दे अण्णा, मी बोलतो." अण्णांनी काकांचं मनगट धरलं. सोडेनात. शंभर माणसं बघत होती.

आणि फाइलींच्या यादीत सगळ्यात वर तालमीची फाइल होती. मी विचार केला असं म्हणायची सोय नाही, मी विचार केलाच नाही. मी ती फाइल लावली.

"आमची धाकटी तुमच्या घरी दिली. सांभाळून घ्या." अण्णांचा आवाज, भरदार, छत्राच्या टोकापर्यंत. होसकोट्याच्या विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. अण्णांनी एकदम हात वर केला, तळवा लोकांकडे करून. थांबा, असं. लोकांना वाटलं आशीर्वाद देतायत. नवरामुलगा आणि धाकटी पुढे होऊन त्यांच्या पाया पडले. अण्णांचा हात तसाच हवेत होता. मग तो खाली आला, आणि त्यांनी तो दोघांच्या डोक्यावर ठेवला. दुसरं करणार काय होते?

माणसं पंगतीला गेल्यावर मी लॅपटॉप उचलून भांडी ठेवतात त्या खोलीत गेले. आधी आईवर बरसले. "बंद कशाला केलास? कुणी सांगितलं होतं?" आई म्हणाली, "दोन महिने दिवसरात्र राबतंय गं ते. आजच्या दिवशी तरी नको काय थांबवायला? परत सुरू होत नाही होय?" बंद करून परत चालू केल्यावर चालत नसेल तर ते चालत नव्हतंच. हे मीच रोज ओरडत असते. आई गेली बिचारी, तोंड पाडून.

जुन्या आज्ञांच्या यादीत ती लांबलचक ओळ सापडली, ती परत चालवली. एक मिनिटही लागलं नाही. मग अण्णांची खिडकी परत पुढे आणली, आणि पहिल्यांदा वाचलं ते काय लिहीत बसले होते.

"धाकटीला विचारलं. ती सरी म्हणाली. म्हणून मी पण सरी म्हणतो. थोरलीला विचारायचं राहिलं होतं. चुकलं माझं."

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. बारा वर्षं! बारा वर्षं तो माणूस माझा चार दिवसांचा अबोला मनात घेऊन बसला होता. शंभर माणसांसमोर, आपल्या आवाजात, माझी माफी मागायला उभा राहिला होता. आणि मी त्याच आवाजात त्याच्या तोंडून नेमकं ते वाक्य बोलवलं, ज्याची त्याला माफी मागायची होती. तालमीच्या दिवशी माझ्या तोंडाकडे का बघत होते तेही तेव्हा कळलं. मी काही बोलते का ते बघत होते. मी म्हटलं होतं, फर्स्ट क्लास.

मी धावत पंगतीत गेले. अण्णा पानावर बसले होते, भाताला हात लागलेला नव्हता. मी त्यांच्यापाशी खाली बसले. "अण्णा, मशीन बंद पडलं होतं. मी घाबरले, म्हणून जुनीच फाइल... आता चालू झालंय. आत्ता बोला. मी सगळ्यांना थांबवते, सांगते माझी चूक झाली." अण्णांनी खिशातली वही काढली आणि लिहिलं, "कळलं. नऊ सेकंद लागले नाहीत."

मी म्हटलं, "अण्णा, बोला ना." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग खाली लिहिलं, "जेवून घे."

संध्याकाळी धाकटीला सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अक्का, तिथेच सांगायचंस की. माझंच कार्य होतं ना? मी थांबले असते. दहा मिनिटं थांबले असते." खरंच की. नऊ सेकंद कुणाला जड झाले होते? गिऱ्हाइकांना नाही, आईला नाही, तिला नाही. मला एकटीला. मध्ये दुभाष्या आहे हे मला कुणाला दिसायलाच नको होतं, आणि त्या नादात मी वडिलांचा शब्द गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नोंद कायमची केली. दोन मिनिटं लागली. मग लॅपटॉप बंद केला, चालू केला, बंद केला, चालू केला, वेड्यासारखी पाच वेळा. वाजवून झाली की फाइल तिथल्या तिथे पुसली जावी अशीही तजवीज केली. आईला म्हटलं, तुला हवं तेव्हा बंद कर, खुशाल कुंकू लाव. ती म्हणाली, "नको गं बाई, मी हात लावत नाही." अजून लावत नाही.

अण्णा आता दुकानात रोज बोलतात. गिऱ्हाइकांना "स्वल्प थांबा" म्हणतात, काकांना शिव्या घालतात, आईला हाका मारतात. ते माफीचं वाक्य त्यांनी परत कधी लिहिलं नाही आणि मागायचं धाडस मला झालं नाही. माझ्यावर ते रागावलेले नाहीत, मी विचारलं तर नाहीच म्हणतात. फक्त एक नवीन सवय लागली आहे, आणि ती मी समोर असले तरच. लिहून झालं की बटण दाबायच्या आधी ते पडदा माझ्याकडे वळवतात. मी वाचते आणि मान डोलावते. मग ते बटण दाबतात, आणि आम्ही दोघं नऊ सेकंद थांबतो.